पहिल्या कामाचा जामीन

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीचे वर्ग खऱ्या अर्थाने भरेपर्यंत जून उलटून जातो. म्हणजे आयुष्यातील अत्यंत ग्रहणशील वयाचे जवळजवळ तीन महिने आपण दर वर्षी एका अख्ख्या पिढीच्या स्वाधीन करतो आणि त्या महिन्यांचे पुढे काय होते, याची विचारपूस करण्याची तसदी कोणी घेत नाही. वसई-विरारमध्ये त्यांचे काय होते, ते पाहणाऱ्याला उघड दिसते. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुले शिबिरांना, पोहण्याच्या वर्गांना किंवा आजोळी जातात. ज्यांच्या घरी चूल पेटण्याचीच विवंचना आहे त्यांची मुले मार्च सरण्यापूर्वीच कुठल्या तरी गाळ्यात कामाला लागलेली असतात. आणि या दोहोंच्या मध्ये जो फार मोठा वर्ग आहे, रिक्षा चालविणाऱ्याचा, विरार लोकलने रोज चर्चगेट गाठणाऱ्या कारकुनाचा, पोळीभाजी केंद्रावर राबणाऱ्या बाईचा, त्या वर्गातील मुले काम करण्यास राजी असतात, घरचीही ना नसते, पण काम मागावे कोणाकडे, हेच त्यांना ठाऊक नसते. हातात मोबाइल आणि समोर रिकामी दुपार, अशा अवस्थेत त्यांचे ते महिने विरून जातात.

या शहरात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना शोभेल असे कामच नाही, ही समजूत मला मान्य नाही. काम आहे. त्या मुलासाठी शब्द टाकणारा आणि टाकलेल्या शब्दाला दोन्ही बाजूंनी जबाबदार राहणारा माणूस नाही, ही खरी उणीव आहे. आणि ती नातलगांच्या कृपेवर किंवा वशिल्याच्या जोरावर न सोडता शाळेने, व शाळेच्या पाठीशी उभ्या राहू शकणाऱ्या सार्वजनिक संस्थांनी, भरून काढली पाहिजे, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

जुन्या वसईत हा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण काम मागायला जाण्याची वेळच तेथे मुलावर येत नसे. आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या पट्ट्यातील वाड्यांत पानवेली होत्या, केळी होती, भाजीचे वाफे होते, फुले होती, आणि या सगळ्यांना उन्हाळ्यात पाण्याइतकीच हातांचीही निकड असे. उजाडण्यापूर्वी मोगऱ्याच्या कळ्या खुडणे, दादरच्या बाजाराला निघालेल्या बायकांच्या टोपल्या गाडीच्या वेळेला स्टेशनावर पोहोचत्या करणे, पालेभाजीच्या जुड्या बांधणे, पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडणे आणि त्यांची सुकेळी होईपर्यंत कावळ्यांपासून राखण करणे, अर्नाळ्याला किंवा पाचूबंदरला वलांडीवर बोंबील चढविणे आणि सुकले की उतरविणे, नायगावच्या मिठागरात बापाला जेवण नेऊन देता देता स्वतःही थोडा वेळ हात लावणे, ही कामे कोणी शिकविली असे कोणालाच आठवत नसे, इतकी ती घराच्या वहिवाटीत मुरलेली होती. शेजारच्या वाडीत एखादा मुलगा रोजावर गेला, तरी तो अमक्याचा मुलगा म्हणूनच जाई. मालकाने ठरलेले पैसे बुडविले, तर रविवारी चर्चच्या आवारात किंवा निर्मळच्या जत्रेत त्याला मुलाच्या बापासमोर उभे राहावे लागे. मुलाने वाडीतले नारळ लांबविले, तर ती वार्ता दिवेलागणीच्या आत आईच्या कानी जाई. या व्यवहारात कागद नव्हता, करार नव्हता, पण जामीन होता, आणि तो दोन्ही पक्षांना बांधून ठेवणारा होता.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. ज्या वाड्यांतील मुलगे सुट्टीपुरते हात लावून पुन्हा शाळेत जात, त्याच वाड्यांतील कितीतरी मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळेतून कायमच्या काढल्या जात. जामिनकीचे हे छत्र जातीच्या, वाडीच्या आणि धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या, वेशीपाशी संपत असे. त्या वेशीपलीकडच्या वारली आणि कातकरी मुलांच्या वाट्याला वीटभट्टीवरचे काम आले, ते आईबापांनी उचललेल्या खर्चीची, म्हणजे आगाऊ रकमेची, फेड म्हणून आले, आणि त्या कामाला सुट्टी संपण्याची तारीख नव्हती. मुलाचे काम आणि मुलाचे शोषण यांत फरक कोठे पडतो, याचे उत्तर मला या दोन दृश्यांच्या तुलनेत सापडते. श्रम दोहोंतही होते, कदाचित सुकेळीच्या राखणीपेक्षा विटा वाहणे अधिक जड असेल. पण मूळ भेद असा, की एका मुलाच्या मागे त्याच्या वतीने बोलणारे कोणी होते आणि दुसऱ्याच्या मागे कोणीच नव्हते.

हा भेद याच मुलखात एका थोर शिक्षणकार्याने ओळखला होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाईंच्या नंतर अनुताई वाघांनी ते आयुष्यभर वाहिले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे ध्यानात आल्यावर त्या बायांनी पालकांवर ताशेरे झाडले नाहीत, मुलांना कामचुकारही ठरविले नाही; त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे जेथे मुले गुरे राखीत तेथेच, कुरणावर, शाळा नेली. या प्रयोगाचे शैक्षणिक महत्त्व पुष्कळांनी वाखाणले आहे. मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: शिकलेला, समाजात पत असलेला एक प्रौढ माणूस रोज त्या मुलाच्या कामाच्या जागी जाऊन उभा राहू लागला. ज्या जागी असा माणूस रोज येतो, त्या जागी मुलाला मारहाण करणे, उपाशी ठेवणे किंवा त्याचे पैसे दाबून ठेवणे अवघड होते.

आता आजच्या शहराकडे वळू. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या वस्त्या पाहता ती आज किती पुढे गेली असेल याची कल्पना करता येते. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून आलेली कुटुंबे नालासोपाऱ्याच्या आणि विरारच्या पूर्वेला एकाच जिन्यावर राहतात, एकमेकांच्या अडीनडीला धावतातही, पण कोणाचा मुलगा कसा आहे हे सांगू शकेल असा तिसरा माणूस त्यांच्यात नसतो. बाप पहाटेच्या गाडीने जातो आणि रात्रीच्या गाडीने परततो. ज्या गावात तो झोपतो त्या गावातील एकाही दुकानदाराची त्याची ओळख दूध आणि किराण्यापलीकडे जात नाही. अशा घरातील मुलाने कामासाठी कोणाचे नाव सांगावे?

मग तो ज्या वाटेने जातो ती वाट ठरलेली आहे. मित्राचा भाऊ वालीव, सातिवली किंवा गोखिवरे येथील एखाद्या औद्योगिक वसाहतीत असतो, तो सुपरवायझरच्या कानावर घालतो, सुपरवायझर वय विचारतो, आणि काय उत्तर द्यायचे हे मित्राच्या भावाने आधीच पढवून ठेवलेले असते. हजेरीपटावर नाव चढत नाही. पहिले काही दिवस खोकी चिकटविण्याचे किंवा माल मोजण्याचे हलके काम मिळते. मग कोणी तरी कामगार गावी जातो आणि या मुलाला प्रेसवर बसविले जाते. प्रेसचे काम दिसायला सोपे असते. पत्र्याची पट्टी साच्याखाली सरकवायची, पायाने पेडल दाबायचे, ठोका पडला की तुकडा बाजूला करून पट्टी पुढे सरकवायची. हात आणि पाय यांचा एक ताल जमला की माणूस विचार न करता तासन् तास ते करू शकतो, आणि धोका नेमका त्या विचार न करण्यात असतो, कारण हात बाहेर येण्याच्या आधी पाय दाबला गेला तर ठोका बोटांवर पडतो. साच्यापुढे जाळी लावलेली असते, ती काम मंदावते म्हणून पुष्कळदा काढून ठेवलेली असते. अनुभवी कारागीर त्या यंत्राला भिऊन वागतो. सोळा वर्षांचा मुलगा भीत नाही, कारण वेगाचे कौतुक व्हावे असे त्याचे वय असते. जे प्रेसचे तेच स्टीलच्या भांड्यांना चकाकी आणणाऱ्या चाकांचे, ज्यांच्या भोवती काळी भुकटी सतत उडते, आणि तेच खोट्या दागिन्यांना मुलामा देण्याच्या हौदांचे, ज्यांतील रसायनांची नावेही त्या मुलाला कोणी सांगितलेली नसतात.

हे सर्व बेकायदा आहे, आणि कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. बालकामगारांसंबंधीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ती अमलात आली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास आता सक्त मनाई आहे. अपवाद फक्त शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत घरच्या बिनधोक व्यवसायात मदत करण्याचा आणि काही अटींवर अभिनयादी कलांचा. चौदा पूर्ण झालेल्या आणि अठराच्या आतील किशोरांना खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि कारखान्यांतील धोकादायक प्रक्रिया यांत ठेवता येत नाही. बंदी मोडणाऱ्या मालकास सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एवढा भाग पुष्कळांना ऐकून माहीत असतो. पण याच कायद्याचा एक दुसरा भाग आहे, ज्याची चर्चा मी क्वचितच ऐकली आहे. किशोराला बिनधोक काम देण्यास कायदा मुभा देतो आणि त्याच्या शर्ती स्वतःच घालून देतो: सलग तीन तासांहून अधिक काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचा सारा पसारा सहा तासांच्या आत, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही, जादा काम नाही, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, आणि मुलाचे नाव, जन्मतारीख व कामाच्या वेळा यांची नोंद असलेली वही. सुट्टीत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून विवेकी चौकट आखता आली असती असे मला वाटत नाही.

ही चौकट कागदावर राहिली, कारण कायद्याची ख्याती केवळ मनाईचा कायदा म्हणून पसरली. परिणाम विपरीत झाला. जो दुकानदार सज्जन आहे, ज्याच्याकडे मुलाला सावली, पंखा, वेळेवर जेवण आणि चार गोड शब्द मिळाले असते, तो 'नको हो, उद्या धाड आली तर?' म्हणून हात जोडतो; आणि जो गाळामालक कोणत्याच कायद्याची पर्वा करीत नाही, तो मुलाला विनातक्रार आत घेतो. सज्जनांनी दार लावून घेतल्यामुळे मुलांपुढे दुर्जनांचेच दार उघडे राहते, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशकारक वाटते, विशेषतः यासाठी, की त्या सज्जन दुकानदाराची भीती दूर करायला नवा कायदा, नवी योजना, नवा निधी, यांतील काहीही लागत नाही. शाळेचा जन्मतारखेचा दाखला, शर्ती लिहिलेला एक कागद, पालकांची संमती, कामगार खात्याकडे रीतसर सूचना, आणि हे सर्व घेऊन त्याच्या दुकानाची पायरी चढणारा एक शिक्षक, एवढ्याने ती भीती जाईल.

शाळेचेच नाव मी का घेतो, याचे कारण सांगायला हवे. मुलगा कसा आहे हे शहरात आता फक्त शाळेला माहीत असते. त्याचा बाप गावाला नवखा असेल, पण वर्गशिक्षकांनी त्याला तीन-चार वर्षे पाहिलेले असते. तो वेळेवर येतो की नाही, हिशेबात पक्का आहे की वाचेत, चिडतो की सोसतो, हे त्यांना सांगता येते. दुसऱ्या बाजूला दुकानदारालाही शाळेची भीड असते, कारण त्याची गिऱ्हाइके त्याच शाळेचे पालक असतात. जुन्या वाडीत जी जामिनकी रक्ताच्या नात्याने मिळे, ती मिळवून देण्याइतकी पत आज या शहरात शाळेखेरीज फार थोड्या संस्थांकडे उरली आहे. वसईपुरते बोलायचे तर धर्मग्रामांकडे ती आहे, आणि १९१८ पासून या भूमीत रुजलेल्या बॅसीन कॅथॉलिक बँकेसारख्या सहकारी संस्थांकडे आहे, पण नालासोपारा पूर्वेच्या बहुसंख्य मुलांपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. शाळा सगळ्यांची असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या हाताखाली घालवावेत असे सुचविले आहे, आणि बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सुट्टीतही अशी संधी मिळावी, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा हे काम शाळेच्या कक्षेबाहेरचे आहे, असे कोणत्याही मुख्याध्यापकाला म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा वाटण्याचे काहीच कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. त्या मुलांनी शेतात राबावे, स्वयंपाक करावा, बांधकामावर दगड-माती वाहावी आणि त्याच कष्टांवर शिक्षण घ्यावे, ही कल्पना पुढे विद्यापीठांनीही उचलली. पण भाऊरावांची योजना यशस्वी का झाली, याचा विचार करताना केवळ श्रमप्रतिष्ठेचा उल्लेख करून आपण थांबतो. मला वाटते, मुलाला काम देणारा आणि मुलाचा पालक, हे दोन्ही अधिकार तेथे एकाच संस्थेच्या ठायी होते, हे त्याचे मर्म आहे. मुलाला एकट्याने दारोदार जाऊन काम मागावे लागत नव्हते, आणि काम करताना त्याला कोणी नाडले, तर दाद मागण्यासाठी त्याला लांब जावे लागत नव्हते.

दूरच्या देशांतील अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. न्यू यॉर्क शहर १९६३ पासून उन्हाळ्यात किशोरांना आणि तरुणांना काही आठवड्यांचे पगारी काम मिळवून देत आले आहे, आणि अर्ज इतके येतात की निवड चिठ्ठ्या टाकून करावी लागते. या चिठ्ठ्यांमुळे अभ्यासकांना एक उत्तम संधी मिळाली: ज्यांना काम मिळाले आणि ज्यांना केवळ नशिबामुळे मिळाले नाही, अशा दोन सारख्या गटांची तुलना त्यांना करता आली. निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. काम मिळालेल्या मुलांची पुढील कमाई त्यामुळे वाढली नाही, महाविद्यालयात जाण्याचे प्रमाणही फारसे बदलले नाही. पण त्यांच्यातील तुरुंगात जाण्याचे आणि अकाली मृत्यूचे प्रमाण घटले. शिकागो शहरात २०१२ च्या उन्हाळ्यात, हिंसाचार अधिक असलेल्या वस्त्यांतील १३ शाळांमधील १,६३४ मुलांतून अशाच रीतीने निवड करून काहींना आठ आठवडे अर्धवेळ काम देण्यात आले. सॅरा हेलर यांनी २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पुढील १६ महिन्यांत या मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या, आणि हा फरक मुख्यतः काम संपल्यानंतरच्या महिन्यांत पडला होता. म्हणजे मुले कामात गुंतली म्हणून वाईट मार्गाला गेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. काम सुटल्यावरही त्यांच्यात काही तरी टिकून राहिले. त्या योजनेत मुलांच्या मागे जाणते प्रौढ नेमलेले होते. अभ्यासकांनी परिणामाचे श्रेय कोणत्या घटकाला किती द्यावे हे तोलूनमापून लिहिले असले, तरी मुलाच्या वतीने बोलणारा माणूस हा घटक वगळून कोणी तशी योजना येथे आखली, तर ती फसेल, असे मी निःशंकपणे म्हणेन.

काम कोणते, या प्रश्नाचे उत्तर एका उदाहरणाने द्यावे. मे महिन्याच्या उत्तरार्धात शाळेच्या साहित्याच्या दुकानात काय चालते, ते पाहावे. प्रत्येक शाळेची, प्रत्येक इयत्तेची यादी वेगळी. वह्यांचे गठ्ठे दोनशे पानी, शंभर पानी, दुरेघी, चौकटीची असे वेगळाले. पालकांची रांग दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत, आणि दुकानदार आपल्या बायको-मुलांसह घामाघूम. येथे दहावी झालेली मुलगी उभी केली, तर ती यादी हातात घेताच ओळखते की सेमी इंग्रजीच्या सातवीला गणिताचे पुस्तक कोणते लागते, कारण ती स्वतः नुकतीच त्या वाटेने आलेली असते. पहिल्या दिवशी ती उरलेले पैसे परत देताना गोंधळते. चौथ्या दिवशी कोणी आई 'एवढ्या वह्या खरंच लागतात का गं?' असे हळूच विचारते, तेव्हा घरी उरलेल्या कोऱ्या पानांचा हिशेब करून दोन वह्या कमी घ्यायला सांगावे की दुकानाचा खप पाहावा, हा पेच तिच्यापुढे उभा राहतो. असा पेच कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. अशाच प्रकारची मोसमी, बिनधोक कामे या शहरात पुष्कळ आहेत: पावसाळ्याआधी रोपवाटिकांमध्ये माती-खत कालवून पिशव्या भरणे, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांत पालकांना मदत करणे, दवाखान्यात केसपेपर काढून देणे, वाचनालयातील पुस्तकांची मोजदाद, वाडीतल्या फुलांची वर्गवारी. राजोडी, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यांवरील रिसॉर्टांचाही हाच हंगाम असतो आणि मुलांना तेथले आकर्षण फार असते. पण पाण्याचा धोका, रात्री लांबणारे काम आणि दारूची संगत पाहता त्या ठिकाणी शाळेने कोणालाही पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचणी आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दुकानाची खरी गर्दी संध्याकाळी सातनंतर होते, आणि कायदा नेमका सातला मुलाला घरी पाठवायला सांगतो. दुकानदाराने ते मान्य केलेच पाहिजे, आणि मान्य नसेल तर शाळेने दुसरे दुकान पाहिले पाहिजे. मुलींच्या बाबतीत जबाबदारी दुप्पट होते. शाळेत शिकवीत असताना मी पाहिले आहे, की सुट्टीतल्या कामाविषयी मुलगे स्वतः विचारीत, मुलींच्या वतीने मात्र त्यांच्या आया विचारीत, आणि त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा नसे. तेथे आणखी बायका आहेत का आणि स्वच्छतागृह आहे का, हे त्यांना आधी कळायला हवे असे. ही चौकशी आयांनी करावी लागू नये, शिक्षकांनी जागा पाहून आल्यावर ती त्यांच्या यादीत लिहिलेली असावी. मजुरीबाबत माझे म्हणणे थोडे कडक आहे: त्याच कामासाठी प्रौढाला तासाला जे मिळते तेच मुलाला मिळावे, एक रुपयाही कमी नको, कारण स्वस्त मुले मिळू लागली की महागड्या बापांची गरज संपते, आणि ज्या घराला आधार द्यायचा त्याच घराचा रोजगार आपण हिरावून घेतो. पैसे मुलाच्या स्वतःच्या बचत खात्यात जमा व्हावेत. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालविता येईल असे खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. घराला त्या पैशांची गरज असेल तर मुलगा ते देईलच, या शहरातील मुले त्या बाबतीत आपल्याला वाटते त्याहून समंजस आहेत. पण देणारा हात त्याचा असावा.

आणखी एक हरकत सुस्थित पालकांकडून येते, ती अशी की हे महिने पुढच्या प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांसाठी राखून ठेवले पाहिजेत. ज्यांनी तो मार्ग निश्चित केला आहे त्यांना अडविण्याचे कारण नाही. मात्र दिवसाचे सहा तास, आठवड्याचे सहा दिवस आणि एकूण पाच-सहा आठवडे, एवढ्या कामाने ज्याचे भवितव्य डळमळेल अशी शिकवणी मुलाला काय शिकविते, हा प्रश्न त्या पालकांनी स्वतःला विचारावा.

शाळेने हे काम एप्रिलमध्ये हाती घेऊन भागणार नाही, कारण तोवर गाळ्यांची वाट धरणारी मुले गेलेली असतात आणि दुकानदारांनी आपली माणसे ठरविलेली असतात. दहावीच्या मुलांना परीक्षेआधी प्रवेशपत्रे वाटली जातात, त्याच दिवशी वर्गशिक्षकांनी इच्छुकांची नावे लिहून घ्यावीत. त्याआधी जानेवारीत, पालकसभेच्या सुमारास, शाळेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरातील दुकाने, दवाखाने, वाड्या आणि रोपवाटिका एका शिक्षकाने स्वतः फिरून पाहाव्यात, मालकाशी बसून बोलावे आणि शर्तींचा कागद त्याच्याकडे ठेवून यावे. आणि मे महिन्यात आठवड्यातून एकदा, न सांगता, त्या प्रत्येक जागी डोकावून यावे. त्या शिक्षकाची सुट्टी त्यात खर्ची पडते, तेव्हा त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि तो देणे महानगरपालिकेला जड नाही. सगळ्या शहरासाठी एकदम योजना जाहीर करण्याचा मोह टाळावा. आचोळ्याच्या एका शाळेने आणि आगाशीच्या एका शाळेने येत्या वर्षी वीस-वीस मुलांपुरती ही जबाबदारी घ्यावी, आणि त्यांच्या नोंदवह्या दुसऱ्या वर्षी बाकीच्या मुख्याध्यापकांपुढे ठेवाव्यात.